आतली कडी

"केसरबाई, टेपचं हे टोक धरा. वाचायचं काही नाही, नुसतं धरून उभ्या राहा."

केसरबाईंनी टोक दोन बोटांत धरलं. मी दुसरं टोक घेऊन मागे सरकायला लागले आणि माझी पाठ शेजारच्या कोपीवर आपटली. टेप अजून धड उलगडलीही नव्हती.

"काल इथे पंधरा फूट अंतर होतं," मी म्हटलं.

"असंल."

"असंल नाही, होतं. मी स्वतः मोजलं, चुन्याची रेघ मारून गेले. कुठाय ती रेघ?"

केसरबाईंनी खाली बघितलं. रेघ त्यांच्या कोपीच्या पोटात गेली होती. बाहेर फक्त तिचं शेपूट उरलं होतं.

"वारं लई सुटलं व्हतं," त्या म्हणाल्या.

म्हणजे वाऱ्याने यांची कोपी सरकवली आणि नेमकी शेजारणीच्या कोपीला नेऊन टेकवली. मग त्याच वाऱ्याने शेजारणीची कोपी उलट्या दिशेने आणून यांच्या कोपीला टेकवली. पुढच्या ओळीत पाहिलं तर तिथेही तेच. सगळ्या कोप्या दोन-दोन करून पाठीला पाठ लावून उभ्या. इतकं हुशार वारं मी नोकरीत पुन्हा कधी पाहिलं नाही.

तेव्हा मी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होते. पद भारदस्त होतं, खुर्चीचा एक हात तुटलेला होता. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन उतरायच्या आणि कारखान्यासमोरच्या मोकळ्या जागेत गाडीतळ पडायचा. पाच-सहा महिने तेच त्यांचं गाव. राहायला कोपी, म्हणजे बांबूच्या कमानी, त्यावर चटया आणि वरून उसाचं वाळकं पाचट. एका दुपारीत उभी राहते आणि चौघींनी चार बाजूंनी धरली तर उचलूनही नेता येते. आत अंथरूण, पत्र्याची पेटी, चार भांडी, एखादी कोंबडी. आणि चूल. पाचटाच्या घरात चूल!

आदल्या हंगामात त्या चुलीतली ठिणगी उडाली आणि ओळीतल्या अकरा कोप्या जळून गेल्या. दुपारची वेळ, माणसं फडात होती म्हणून वाचली. एका म्हाताऱ्या बैलाची पाठ भाजली आणि वर्षभराची बाजरी कोळसा झाली. त्यानंतर नवीन नियम आले. दोन कोप्यांत पंधरा फूट अंतर हवं, चूल बाहेर हवी, वाळूच्या बादल्या हव्यात, बायकांसाठी बंदिस्त न्हाणीघरं हवीत. ते नियम वाचून मला खरोखर आनंद झाला होता. कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवून लिहिले होते. आता ते पाळायचे एवढंच बाकी होतं, आणि त्या 'एवढंच'ने माझं डोकं खाल्लं.

कारण रोज सकाळी मी गड्यांना लावून कोप्या लांब करून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा एकमेकींच्या गळ्यात.

"केसरबाई, शुक्रवारी तपासणी समिती येणार आहे. त्यांना अंतर दिसलं नाही तर हा तळ उठवतील. खाणीच्या माळावर पाठवतील तुम्हाला. माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय."

"तिथे नळ नाही. दवाखाना नाही. रस्ता म्हणजे नुसती खडी."

"म्हाईत हाय म्हणलं न्हवं."

त्यांचा आवाज एकदम खाली गेला. मीही माळाचा विषय सोडला, कारण कोपीच्या दारात त्यांची सून मैना उभी होती, दोन्ही हात कमरेवर टेकून. तिला आठवा महिना सरत आला होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यावर असताना तिला अशाच माळावर कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरकडे नेताना वाटेतच, बैलगाडीत, ती बाळंत झाली. लेकरू राहिलं नाही. केसरबाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाजरी पाखडता पाखडता, आणि मग विचारलं होतं, "मॅडम, त्यो लाल फुलीचा दवाखानाच हाय न्हवं? इथून दिसतोय न्हवं?" त्या फुलीसाठी त्यांनी नवऱ्याशी भांडून ही जागा धरली होती.

म्हणजे या बाईला इथून हलायचं नव्हतं, नियम माहीत होता, शुक्रवार माहीत होता. आणि तरी रोज संध्याकाळी तीच पदर खोचून कोप्या उचलायला सगळ्यात पुढे! मला कुणी दगडावर डोकं आपटायला सांगितलं असतं तर त्यातून जास्त अर्थ निघाला असता.

"का करता असं? काय पाहिजे तुम्हाला? बोला की!"

बोलले ते त्यांचे यजमान. भानुदास गर्जे हे टोळीचे मुकादम. बायकांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायचं असतं, अशी त्यांची पक्की समजूत. कुठेही असले तरी बरोबर हजर व्हायचे.

"काई न्हाई मॅडम. बायांना येकमेकींबिगर करमत न्हाई. गप्पा हानीत बसत्यात."

"आणि बाथरूम बांधून दिलीत ती वापरतात का?"

"वापरत्यात की! झकास बाथरूम दिलीया कारखान्यानं."

मी उठून ती झकास बाथरूम बघायला गेले. जमीन कोरडी ठणठणीत. एकीत बैलांचा चारा भरून ठेवलेला. दुसरीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच दार लावून बाहेर आले.

या न्हाणीघरांची वेगळीच कथा. ती बांधली आमच्या बांधकाम विभागाच्या घाटगेंनी. नियमात लिहिलं होतं, दहा बायकांमागे एक. तळावर ऐंशी कोयते. घाटगेंनी हिशेब केला की ऐंशी कोयते म्हणजे ऐंशी माणसं, त्यातल्या निम्म्या बायका, म्हणजे चाळीस, म्हणजे चार न्हाणीघरं. सही, शिक्का, काम फत्ते.

"घाटगे, एक कोयता म्हणजे काय?" मी त्यांना विचारलं होतं.

"कोयता म्हणजे कोयता. ऊस तोडायचा."

"एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. दोघं तोडतात, नाव एकाचं. तळावर ऐंशी बायका आहेत. आठ न्हाणीघरं पाहिजेत."

घाटगेंनी चष्मा काढून पुसला. "कारखान्याच्या दप्तरी कोयता एकच धरतात मॅडम. आता मी दप्तर बदलू काय? आणि चार आहेत ती तरी कुठे वापरतात? या लोकांना सवयच नसते हो. आपण चांगलं द्यायला जातो, ते त्यात कोंबड्या ठेवतात."

आठाचा माझा हिशेब त्या कोंबडीने तिथेच संपवला.

गुरुवारी संध्याकाळी मी ठरवलं, आज रंगेहाथ पकडायचं. कोप्या उचलायच्या वेळेलाच तळावर जाऊन उभं राहायचं. ऊन कलल्यावर स्कूटर काढली आणि वजनकाट्याच्या रस्त्यावर अडकले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. एकामागे एक ट्रॉल्या, वर माडीएवढा ऊस रचलेला, आणि त्या उसावर आडवे पडलेले ड्रायव्हर आणि त्यांचे जोडीदार. काट्यावर नंबर लागायला दोन-दोन प्रहर जातात, तेव्हा माणसं वरच लोळतात, विड्या ओढतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतात.

मी हॉर्न वाजवला. ट्रॉली थोडीच हलणार होती.

"मॅडम, कुठं निघाला?" वरून आवाज आला. ओळखीचा ड्रायव्हर होता, जालिंदर. भला माणूस, फक्त तोंड बंद ठेवता यायचं नाही.

"तळावर. केसरबाईंना भेटायचंय. गाडी घे की जरा बाजूला."

"बाजूला कुठं घ्यू, माझ्या डोक्यावर? केसरबाई व्हय? त्या बघा, तिकडं कोपीजवळ हाईत, चौघीजणी मिळून कोपी उचलत्यात. आन् बाथरूमकडं जाऊ नगासा, तिथं कुणी न्हाई. एकीत चारा हाय, एकीत कोंबडी हाय. कडंच्या एकीत नुसती दांडी तुटल्याली लाल बादली हाय."

मी स्कूटर स्टँडवर लावली.

"जालिंदर, तुला आतली बादली दिसते?"

"दिसतीय की. तांब्याबी हाय आत."

"इथून?"

"हितनं समदंच दिसतंय मॅडम," तो अगदी सरळपणे म्हणाला. "छतच न्हाई न्हवं."

वर छत नाही हे मीही पाहिलं होतं, पण जमिनीवरून. मी तशीच पदर खोचून ट्रॉलीच्या चाकावर पाय दिला. जालिंदर घाबरला. "ओ मॅडम, पडाल!" म्हणाला, पण हात दिला. चपला खाली राहिल्या. उसाची पानं हाताला कापत होती. वर पोचले आणि उभी राहिले.

खाली चार पत्र्याचे डबे होते, झाकण काढून ठेवल्यासारखे. आतली फरशी, बादली, तांब्या, कपडे अडकवायचा खिळा, सगळं लख्ख. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीची शेपटीसुद्धा दिसत होती. पुढच्या ट्रॉलीवर चार पुरुष होते, मागच्या ट्रॉलीवर तीन, आणि अशी रांग पुलापर्यंत.

त्यापलीकडे तळ होता. केसरबाई आणि तिघीजणींनी एक कोपी चार बाजूंनी उचलली, तुरुतुरु चालत नेली आणि दुसरीच्या पाठीला लावली. दोन्हींच्या वळचणी वर एकमेकींना टेकल्या. खाली दीड-दोन हात रुंद बोळ उरली. दोन्ही टोकांना एकेक लुगडं बांधलं. मग एक बाई तांब्या-बादली घेऊन आत गेली आणि मला दिसेनाशी झाली. इतक्या उंचावरूनही दिसेनाशी झाली. तळावर आंघोळीला एवढीच एक जागा होती, आणि ती मी रोज सकाळी टेप लावून मोडत होते.

खाली उतरून तळावर गेले तेव्हा रागाने माझा आवाज फाटला होता.

"सांगितलं का नाही मला?"

केसरबाईंनी आधी आजूबाजूला बघितलं. मुकादम बैलांना पाणी पाजायला गेले होते.

"कुणाला सांगू? मालकाला सांगितलं तर आमचे गडी कोयते घिऊन डायवरांवर जात्याल. मारामाऱ्या व्हत्याल, गाड्या आडतील, टोळीच हाकलून देत्याल. आन् शेवटी आमालाच म्हणत्याल, तुमी कशाला गेल्ता तिथं आंघुळीला?" त्यांनी कोपीच्या दाराकडे बोट दाखवलं. "पयल्या दिवशी गेल्ती मैनी. डोक्यावर पाणी घेतलं आन् वरून कुणीतरी शिटी मारली. तशीच वल्ल्या लुगड्यानं पळत आली. चार रोज कोपीतून भाईर न्हाई पडली."

मैना दारात बसून शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मी तशीच घाटगेंच्या ऑफिसात गेले. घाटगे घरी निघाले होते, डबा पिशवीत घालत होते.

"चार पत्रे द्या. आत्ता. न्हाणीघरांवर टाकायचेत."

"आत्ता? मॅडम, त्याला मागणी लागते, मंजुरी लागते. आणि आंघोळीला छत कशाला? वाफ कुठून जाणार?"

"त्यावरून सगळा रस्ता आत बघतोय!"

"मग त्यांनी बघू नये," घाटगे म्हणाले, आणि पिशवीची नाडी ओढली. "आधी समिती होऊन जाऊ द्या. कोप्या तेवढ्या लांब करून घ्या. मग बघू पुढच्या हंगामात."

पुढच्या हंगामात! त्यांच्या पिशवीतला डबा काढून त्यांच्याच डोक्यावर छत म्हणून ठेवावा असं वाटलं मला.

मी परत तळावर गेले. केसरबाईंनी माझं तोंड बघूनच काय झालं ते ओळखलं. आणि त्यांनीच तोड काढली.

"असं करू. उद्या सकाळी आमीच समद्या कोप्या लांब करतो. तुमचं माप भरतंय का बघा. साहेब येऊन जाऊ द्या. गेलं की पुना जवळ आणतो. तुमचंबी भागलं, आमचंबी भागलं."

किती सोपं होतं! समिती खूश, घाटगे खूश, मुकादम खूश. मैनेचा दवाखाना जागेवर. फक्त उद्या संध्याकाळी पाचटाची घरं पुन्हा एकमेकींना चिकटणार आणि कुणाच्या तरी चुलीतून ठिणगी उडायची वाट बघत बसणार. आणि चार डबे उघडेच राहणार. कारण कागदावर सगळं छान आहे असं एकदा लिहिलं गेलं की पत्रा कशाला कोण देतंय?

"नको," मी म्हटलं. "आहेत तशाच राहू द्या."

केसरबाईंचा चेहरा बदलला. "काय बोलताय? साहेबांनी चिकाटल्याल्या बघितल्या तर माळावर धाडत्याल आमाला!"

"मी जाऊ देणार नाही."

"कशावरून?"

कशावरून ते मलाही ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं. मग केसरबाई इतक्या जवळ आल्या की त्यांच्या अंगाचा उसाचा वास मला आला.

"मॅडम, माझी सून हाय ती. येक लेकरू गाडीत गेलंय तिचं. मी गाडीतच व्हते, माज्याच हातात गेलं. तुमी तुमच्या नियमासाठी तिला पणाला लावू नगा."

"नियमासाठी नाही लावत."

"मग कशापायी?"

मी मैनेकडे बघितलं. आता तिची मान वर होती.

"राहू द्या आत्याबाई," ती म्हणाली. एवढंच. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. "लांब करू नगा."

केसरबाईंनी मोठा उसासा सोडला. "बरं. पर माळावर जायाची येळ आली तर हिला तुमच्या क्वार्टरात आणून ठिवीन. बाळंत होईस्तोवर. सांगून ठिवते."

"ठेवा."

शुक्रवारी समिती आली. समितीचे प्रमुख सबनीस साहेब, निवृत्त अधिकारी, पांढरा शर्ट, पांढरी कॅप, हातात रुमाल. त्यांच्या मागे दोघेजण फाईली धरून. घाटगे पुढे, इस्त्री करून आलेले. मोटार डांबरी रस्त्यावरून थेट न्हाणीघरांपुढे थांबली. बुटांना धूळसुद्धा लागली नाही. पलीकडे ट्रॅक्टरांची रांग नेहमीसारखीच लागलेली. टोळी त्या दिवशी फडात गेली नव्हती. सगळे तळावर उभे होते.

साहेबांनी न्हाणीघरं बाहेरून बघितली. "वा. पक्कं काम आहे."

"होय साहेब," घाटगे म्हणाले.

मग त्यांनी कोप्या बघितल्या आणि कपाळावर आठ्या आल्या. "हे काय? अंतर कुठे आहे? ही वस्ती आहे की गंजी?"

घाटगेंनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही पाचट मी पेटवलं होतं. "सांगून थकलो साहेब. सवय नसते या लोकांना. बाथरूम दिली तर त्यात कोंबड्या ठेवतात."

"मॅडम, हे तुमचं खातं ना? आगीचा नियम तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे साहेब."

"मग हा तळ इथे ठेवता येणार नाही. माळाची जागा तयार आहे ना, घाटगे?"

मुकादम हात जोडून पुढे आले, "साहेब, बायांना करमत न्हाई म्हणून..." केसरबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"साहेब," मी म्हटलं, "लिहिण्याआधी न्हाणीघर आतून बघा ना. आतून कडी नीट लागते का, तेवढं एकदा तपासा. नियमात आहे, बंदिस्त हवं."

"घाटगे सांगतायत ना, लागते."

"तुम्ही स्वतः बघितलंत तर बरं होईल."

साहेबांना वेळ नव्हता, पण नियमात आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. ते कोंबडीवाली आणि चारावाली सोडून तिसरीत शिरले. दार ओढलं. कडी लागल्याचा आवाज आला.

मी वर बघितलं नाही. ट्रॉल्यांवरच्या कुणालाही मी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. ती माणसं दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर बोलत असायची, साहेबाला थोडीच सोडणार होती!

"ओ पांढरी टोपी!" जालिंदरचा आवाज आला. "टोपी काढून त्या खिळ्याला अडकवा, न्हाईतर भिजंल!"

मागच्या ट्रॉलीवर हशा पिकला. "आरं, काढली! काढली बघ! टक्कल हाय!"

"बादली पालथी हाय साहेब, सरळी करा!"

"बघा, वर बघायला लागलं!"

घाटगे हातवारे करून ड्रायव्हरांना गप्प करत होते, पण त्यांना काही ते आवरेनात. शेवटी कडी निघाली. साहेब बाहेर आले, टोपी हातात, कान लाल. त्यांनी ट्रॉल्यांच्या रांगेकडे बघितलं. तिथून नजर हळूहळू न्हाणीघरावर आली, तिथून कोप्यांवर, दोन कोप्यांच्या मधल्या बोळीवर, टोकाला बांधलेल्या लुगड्यावर.

"घाटगे," ते म्हणाले, "हे रस्त्याच्या कडेला का बांधलंत?"

घाटगे घोटाळले. "साहेब... ते... तपासणीला आपली मोटार थेट यावी म्हणून."

साहेबांनी टोपी डोक्यावर घातली. तळावर कुणीही हसलं नाही. मुकादमांचं तोंड उघडं होतं. त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी एकदा ट्रॉल्यांकडे बघितलं, एकदा केसरबाईंकडे, आणि त्यांच्या मुठी आवळल्या. केसरबाईंनी त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"आज संध्याकाळपर्यंत छत," साहेब म्हणाले. "मी विश्रामगृहावर आहे. संध्याकाळी येऊन बघतो. मग तळाचं लिहितो."

"आज पत्रे कुठून आणू साहेब? मंजुरी..."

"अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर शेड आहे ना?" मी म्हटलं. "त्यावर नवे कोरे आहेत."

घाटगेंची मोटारसायकल त्याच शेडमध्ये असायची. दुपारभर ती उन्हात तापत राहिली आणि शेडचे पत्रे एकेक करून तळावर आले. पत्रे चढवायला जालिंदर आपणहून उतरला. "आमचाच उपद्व्याप व्हता मॅडम," म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. केसरबाईंनी कोंबडी अंड्यांसकट टोपलीत उचलून नेली.

मग बायकांनी कुणी न सांगता कोप्या उचलायला सुरुवात केली. चौघी-चौघी, तुरुतुरु, पण या वेळी एकमेकींपासून लांब. केसरबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"आणा तुमची ती पट्टी. धरते टोक."

मी टेप उलगडली. मागे सरकत गेले, सरकत गेले, पाठीला काही लागलं नाही. पंधरा फूट भरलं आणि वर थोडं उरलं.

उन्हं उतरताना साहेबांची मोटार आली. तोवर न्हाणीघरांपुढे रांग लागली होती. ऐंशी बायका आणि चार दारं! घाटगेंच्या हिशेबाला सगळ्या टोळीने यथेच्छ शिव्या घातल्या, बीडच्या खास ठेवणीतल्या. पहिलं पाणी मैनेला द्यायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ती गरम पाण्याची बादली घेऊन आत गेली, कडी लागली, आणि मग ती बाहेर येईचना. मागच्या बायका आधी थांबल्या, मग कुरकुरल्या, मग ओरडायला लागल्या. साहेब दारापुढे उभे, हातात फाईल. त्यांना अंतर दाखवायचं होतं, चुली दाखवायच्या होत्या, आणि मला तर दिवसभराच्या धावपळीने उभं राहवत नव्हतं.

"मैना! किती वेळ गं? साहेब थांबलेत!" मी दार वाजवलं.

आत पाणी पडत होतं. तांब्यामागून तांब्या, अगदी सावकाश.

"आगं, नीघ की भाईर!" शेजारीण ओरडली. "आमी काय उद्या आंघुळी करायच्या व्हय?"

केसरबाईंनी तिला हाताने मागे सारलं. "राहू द्या गं तिला," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं तळावरच हाय. कडी लावून आंघूळ कधी केलीया तिनं?"

साहेबांनी फाईल मिटली आणि खाली मान घालून मोटारीकडे गेले. तळ तिथेच राहिला, ते त्यांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. मी ते वाचायला गेले नाही. मी दाराशीच उभी होते.

"मैना, निघतेस का?" मी पुन्हा विचारलं.

"न्हाई निघत!" आतून आवाज आला, चांगला खणखणीत, आणि पुन्हा तांब्या बुडाला.